किल्ली ज्याच्या हाती

३ मार्च २०२३, शुक्रवार. बारावीचा गणिताचा पेपर सकाळी अकराला सुरू व्हायचा होता. त्याच्या साधारण अर्धा तास आधी बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा भागात प्रश्नपत्रिकेची दोन पाने लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली. त्याच दिवशी तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी विधानसभेत हा प्रश्न उपस्थित केला. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले, अटका झाल्या. पाने बाहेर आली तोवर विद्यार्थी परीक्षा केंद्रांवर पोहोचले होते, सबब फेरपरीक्षा घेणार नाही, असे राज्य मंडळाने सांगितले. ज्यांना अटक झाली त्यांच्यात शिक्षक होते. दोष कुणाचा आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम; ते आपण न्यायालयावरच सोपवू. पण जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव अशा कारणाने राज्यभर घेतले जावे, याचे वाईट त्या भागातल्या माणसांना फार वाटले.

आपल्याकडे ‘कॉपी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतो तो विद्यार्थी. बाहीत चिठ्ठी दडवलेला, खिडकीबाहेरच्या भावाकडे आशेने पाहणारा. शासनाची सारी मोहीम त्याच्याविरुद्ध. भरारी पथके त्याच्यासाठी, बैठी पथके त्याच्यासाठी, केंद्राभोवतीची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवायची तीही त्याच्यासाठी. त्या वर्षी तर ‘कॉपीमुक्त अभियान’ मोठ्या गाजावाजाने सुरू झाले होते. परंतु या दोन पानांची कॉपी ज्या बाजूने झाली असा पोलिसांना संशय होता, ती बाजू बाकावरची नव्हती. बाकापुढे उभे राहणाऱ्यांची होती. कॉपी या शब्दाचा हा दुसरा अर्थ आपण फारसा मनावर घेत नाही. ज्याच्या हाती गोपनीय कागद विश्वासाने दिला, त्यानेच त्याची नक्कल करून बाहेर धाडणे, असा तो अर्थ.

बोर्डाची प्रश्नपत्रिका आपल्या मुलांच्या हाती पडेपर्यंत कशी प्रवास करते, हे एकदा पाहण्यासारखे आहे. सीलबंद पाकिटे कस्टोडियनच्या, म्हणजे परीरक्षकाच्या ताब्यात असतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी ‘रनर’ ती घेऊन केंद्रांवर निघतो. २०२३ मध्ये या रनरच्या मोबाइलवर जीपीएस सुरू ठेवायला सांगितले होते, पाकिटे घेताना आणि देताना चित्रीकरण करायला सांगितले होते. विद्यार्थ्यांना वाचनासाठी दहा मिनिटे आधी पेपर देण्याची पद्धतही त्याच वर्षी बंद केली आणि ती दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली. कारण उघड होते. त्या दहा मिनिटांत मोबाइल पुष्कळ काही करू शकतो. थोडक्यात, रस्त्यावर चोर असेल असे धरून सगळा बंदोबस्त होता. पण पाकीट कधीतरी उघडावे लागतेच आणि ते उघडणारा माणूस चोर नसतो. तो अधिकृत असतो, त्याच्या नावाचा आदेश निघालेला असतो, त्याच्या ओळखपत्रावर शिक्का असतो. सारी कुलपे त्याच्यासाठीच तर उघडायची असतात. म्हणजे साखळीची शेवटची कडी हा माणूसच. आणि तिथे येऊन जीपीएस काहीच बोलत नाही.

ही गोष्ट केवळ परीक्षेची असती तर एका रविवारी तिच्यावर इतके लिहायचे कारण नव्हते. पण आज प्रत्येक कचेरीच्या पोटात असे एक सीलबंद पाकीट आहे. पूर्वी ते लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरात असे. आता ते संगणकाच्या जाळ्यात असते. पतसंस्थेतली आपली ठेव, दवाखान्यातले आपले तपासणी अहवाल, तहसीलमधला सातबारा, सोने तारण ठेवल्याची नोंद, मुलीच्या शाळेच्या अर्जावरचा आपला मोबाइल क्रमांक. हा तर पतसंस्थांवर विश्वास टाकणारा जिल्हा. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन इथलीच; तिच्या शाखा पुढे जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेरही गेल्या. एखाद्या शेतकऱ्याने आपली ठेव किती, हे सख्ख्या भावालाही सांगितलेले नसते. काउंटरमागच्या मुलाला मात्र ते ठाऊक असते. तो मुलगा ते मनात ठेवतो, या भरवशावर हा सारा व्यवहार उभा आहे.

कागदाच्या काळात चोरीला एक नैसर्गिक लगाम होता. फाईल पळवली तर कपाटात जागा रिकामी दिसे. नक्कल करायची तर कार्बन लावून तासभर बसावे लागे, नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे जावे लागे आणि झेरॉक्सवाला पाहत असे. संगणकाने तो लगाम काढून टाकला. आता फाईल जागच्या जागी राहते आणि तिची नक्कल मात्र गेलेली असते. घरातले दागिने गेले तर त्याच रात्री कळते. माहिती गेली तर ती कुणी वापरेपर्यंत कळत नाही, कधीकधी त्यानंतरही नाही. सिंदखेड राजाची पाने मोबाइलवर फिरली म्हणून आपल्याला कळले. ती फिरलीच नसती, चार घरांपुरतीच राहिली असती तर?

यावर कंपन्यांनी उपाय काढलेले नाहीत असे नाही. पेनड्राइव्ह लावायची भोके बंद करता येतात. कार्यालयाबाहेर जाणाऱ्या मेलला कोणती फाईल जोडली आहे, ते तपासणारी प्रणाली बसवता येते. कोणती फाईल कुणी, किती वाजता उघडली, छापली किंवा उतरवून घेतली याची नोंद आपोआप होते. फाईल अशी बांधून ठेवता येते की कार्यालयाच्या यंत्राबाहेर ती उघडूच नये. हे सगळे करावे आणि पतसंस्थेच्या संचालक मंडळाने ‘आपल्याकडे कशाला हे’ असे म्हणून ते टाळू नये. पण त्याच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. पडद्यावर जे दिसते त्याचा फोटो खिशातला मोबाइल काढतो, तेव्हा कार्यालयातल्या कोणत्याही संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. आणि मोबाइल दारातच काढून घेतला तरी माणसाचे डोके दारात ठेवून घेता येत नाही.

हे नुसते बोलणे नव्हे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एका प्रकरणात अटका झाल्या, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांना दूरध्वनीवर सेवा देणारे एम्फॅसिसचे केंद्र पुण्यात होते. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांवर वळवले, असा आरोप होता. तिथे कर्मचाऱ्यांची आत जाताना आणि बाहेर पडताना झडती होत असे, आकडे कागदावर उतरवून नेता येऊ नयेत म्हणून. तेव्हा मुलांनी आकडे पाठ केले, असे सांगितले गेले. पाढे पाठ करून मोठे झालेल्या देशात कागद-पेन्सिलवर बंदी घालून काय साधणार!

मग करायचे काय? हात टेकायचे? नाही. आपल्याच देशात एका गुपिताची राखण बरीच वर्षे बऱ्यापैकी झाली, तिच्याकडे पाहू. १९५० मध्ये जॉन मथाई अर्थमंत्री असताना अर्थसंकल्प फुटला. तेव्हा तो राष्ट्रपती भवनातल्या छापखान्यात छापला जाई. मग छपाई मिंटो रोडच्या छापखान्यात नेली आणि १९८० पासून ती नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात होऊ लागली. तिथे एक मजेदार प्रथा पडली. छपाईला हात लावण्याआधी मोठ्या कढईत हलवा करायचा, अर्थमंत्र्यांनी तो सगळ्यांना वाढायचा आणि मग छपाईशी संबंधित कर्मचाऱ्यांनी आतच राहायचे. लोकसभेत भाषण होईपर्यंत घरी जाणे नाही, फोन नाही. २०२१ मध्ये अर्थसंकल्प कागदाविना सादर झाला, तरी हलवा काही सुटला नाही.

हलव्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि आपण हसून पान उलटतो. पण त्यामागचे शहाणपण पाहा. गुपित ठाऊक असलेली माणसे मोजकी आहेत, त्यांची नावे माहीत आहेत, गुपिताची मुदत ठरलेली आहे आणि ती संपली की सगळे मोकळे. शिवाय कोंडून घेतलेल्या माणसाला कैदी म्हणून वागवलेले नाही. खुद्द मंत्र्याने त्याच्या द्रोणात हलवा घातला आहे. ‘आम्हाला तुझा संशय आहे’ असे नव्हे, तर ‘तुझ्याकडे मोलाचे काही सोपवले आहे’ असे त्याला सांगितले आहे. माझ्या मते या दोन वाक्यांतला फरक कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाचा आहे.

आता आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांत काय चालते ते आठवा. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला ठाऊक असतो, कारण साहेब दौऱ्यावर असतात आणि काम अडून चालत नाही. ऑपरेटर रजेवर गेला की तो शिपायाला ठाऊक होतो. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवलेली असते. यात कुणाची बदमाशी नसते; असतो तो आपला जुना चांगुलपणा, ‘माणूस आपलाच आहे’ हा. पण मग नोंदीत सगळीकडे साहेबांचेच नाव उमटते आणि उद्या काही बिनसले तर कोण कुठे बसले होते हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशाने प्रामाणिक ऑपरेटरही संशयात सापडतो आणि त्याला आपला निरपराधपणा दाखवायला काही हाती उरत नाही. पासवर्ड वेगळा असणे हा त्याच्यावरचा अविश्वास नाही, ते त्याचे कवच आहे. हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. त्याला नुसते परिपत्रक मिळते.

आणखी एक अडचण आहे, ती परिपत्रकाने सुटणारी नाही. सर्वांत मोठी किल्ली आपण बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या हाती देतो. माहिती भरणारा मुलगा कंत्राटी. त्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे, पगार एजन्सीच्या मर्जीवर. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहणारा. त्याच्याच हाती बोर्डाचे पाकीट. गरिबी माणसाला चोर बनवते, असे म्हणणे हा त्या हजारो शिक्षकांचा अपमान होईल, जे अर्ध्या पगारात वर्षानुवर्षे सचोटीने पाकिटे उघडतात. आणि वरच्या खुर्चीतली माणसे काही धुतल्या तांदळासारखी नसतात. आरोग्य विभागाच्या २०२१ च्या भरती परीक्षेचा पेपर फुटला, तेव्हा पुणे पोलिसांनी त्या खात्यातल्याच सहसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याला अटक केली होती. तरीही ज्याला आपण सकाळी गुपित सोपवतो आणि संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणतो, त्याच्याकडून कोणत्या निष्ठेची अपेक्षा करावी, हा प्रश्न उरतोच.

नोकरी सुटण्याचा आठवडा तर फार नाजूक. अमेरिकेत गूगलच्या स्वयंचलित मोटारीच्या प्रकल्पातल्या अँथनी लेवांडोस्की या अभियंत्याने नोकरी सोडण्याआधी चौदा हजारांहून अधिक फायली उतरवून घेतल्या, असा आरोप कंपनीने केला. पुढे २०२० मध्ये त्याने गुन्ह्याची कबुली दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी मिळवून तो सुटला. तिथे निदान कोणती फाईल कधी गेली हे मागाहून तपासता तरी आले. आपल्याकडे माणूस नोकरी सोडतो, निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि त्याचा पासवर्ड पुढची दोन वर्षे चालू राहतो.

तेव्हा माझे म्हणणे असे की, नक्कल अशक्य करण्याच्या मागे लागण्यापेक्षा नक्कल कुणाची हे ओळखता येईल, अशी व्यवस्था करावी. २०२४ च्या नीट परीक्षेच्या प्रकरणात पाटण्याला अर्धवट जळालेली प्रश्नपत्रिका पोलिसांच्या हाती लागली. तिच्यावरच्या क्रमांकावरून माग लागला तो झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेचा. सीबीआयच्या म्हणण्यानुसार, तिथल्या परीक्षेची जबाबदारी असलेल्या शाळेतल्या वरिष्ठांच्याच संगनमताने एक जण पेट्यांच्या खोलीत शिरला आणि अवजारांनी पेटी उघडून त्याने फोटो काढले. इथेही लोखंडी पेटी होती, कुलूप होते, पहारा होता. त्यातले काही उपयोगी पडले नाही. उपयोगी पडला तो कोपऱ्यातला एक क्रमांक. प्रत्येक केंद्राच्या प्रतीवर, अगदी प्रत्येक पानावर वेगळी खूण असेल आणि ती आहे हे सर्वांना माहीत असेल, तर फोटो काढणारा हात बटणावर क्षणभर तरी थबकेल. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या संगणकावरही पडद्याच्या पार्श्वभूमीला पाहणाऱ्याचे नाव फिकट अक्षरांत उमटवता येते. याला खर्च फार नाही. लागते ती नोंदी वाचायची सवय. नोंदी सगळीकडे होतात. त्या वाचतो कोण? आमच्याकडे हजेरीपुस्तक जसे सही करण्यासाठी असते, वाचण्यासाठी नसते, तशी त्यांची गत होते.

कायदे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. परवानगीवाचून माहितीची नक्कल करणे त्यात बसते. परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा कायदा तर १९८२ चा आहे. केंद्राने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांसाठी नवा कायदा केला. संघटित गुन्ह्याला त्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी रुपयांचा दंड आहे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर माहिती न सांभाळणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडे ऐकून छाती दडपते. पण कायदा येतो तो पाने फिरून झाल्यावर.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘गोपनीय’ हा शिक्का आपल्याकडे फार स्वस्त आहे. मुलांचे पेपर आणि ठेवीदारांची खाती गोपनीय ठेवायची, हे बरोबर; पण त्याच शिक्क्याखाली घोटाळेही झाकले जातात. संस्थेतला गैरव्यवहार दाखवणारा कागद एखाद्या कारकुनाने योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवला, तर त्याला चोर म्हणायचे का? बिहारमधला सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता आठवा. सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव उघड करू नये अशी विनंती केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे त्याचा खून झाला. जे खरोखर गुपित ठेवायला हवे होते, ते सरकारी कचेऱ्यांना ठेवता आले नाही. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने करायला त्यानंतर २०१४ साल उजाडले. म्हणून मला वाटते, ज्या संस्थेत तक्रार ऐकून घेणारे कुणी आहे, तिथेच कर्मचाऱ्यांवर नजर ठेवण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.

आतापर्यंत किल्लीवाल्याबद्दल बोललो. पण पेपर फोडणारा तो फोडतो कुणासाठी? माल चोरणाऱ्याला घेणारा लागतो. २००६ मध्ये कोकाकोलाच्या अटलांटातल्या मुख्यालयात काम करणाऱ्या जोया विल्यम्स या महिलेने आणि तिच्या साथीदारांनी कंपनीची गोपनीय कागदपत्रे आणि एका नव्या पेयाचा नमुना बाहेर काढला आणि प्रतिस्पर्धी पेप्सीला विकायला काढला. पेप्सीला आलेले पत्र पेप्सीने उचलले आणि कोकाकोलाला नेऊन दिले. मग तपास यंत्रणेने सापळा रचला. त्या बाईला आठ वर्षांची शिक्षा झाली. शीतपेयांच्या बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या या दोन कंपन्या; त्यांच्यातल्या एकीचे विकायला आलेले गुपित दुसरीने परत केले. कुठल्याही कॅमेऱ्याला जमले नसते ते काम घेणाऱ्याने नकार देऊन केले.

आपल्याकडे हा घेणारा कोण असतो, हे सांगायला नको. तो मुंबईच्या कुठल्या टोळीत नसतो, आपल्या ओळखीच्या घरात असतो. मुलगा बारावीला, क्लासची फी भरताना जमिनीचा तुकडा गहाण पडलेला, गणितात मुलगा जरा कच्चा. परीक्षेच्या आठवड्यात कुणीतरी हळूच विचारतो, ‘काही सोय होते का?’ विचारणारा बाप वाईट नसतो. तो मुलासाठी शेतातही राबतो आणि शेगावला पायीही जातो. पण त्याच्या त्या प्रश्नातूनच पेपरची किंमत ठरते. २०२१-२२ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरप्रकारांत पुण्याच्या तपासातून पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांची यादी निघाली. इतकी नावे काही दोन-चार दलालांच्या कर्तबगारीने जमत नाहीत.

३ मार्च २०२३ च्या त्या सकाळी सिंदखेड राजा भागातली दुसरी मुलेही केंद्राच्या दारात उभी होती. पहाटे चारला उठून समाकलनाची उदाहरणे सोडवलेली, एसटीने तालुक्याला आलेली. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, ते नियमाप्रमाणे आत गेले. त्यांचा निकाल लागला, गुण मिळाले आणि पुढच्या प्रवेशाच्या रांगेत कुठल्या जिल्ह्याचे म्हणून विचारले की त्यांना ‘बुलढाणा’ सांगावे लागले. ती दोन पाने मोबाइलवर पाहिलेल्यांपैकी किती मोठ्या माणसांनी ती पुढे न पाठवता सरळ पोलिसांना ११२ वर फोन केला असेल?